चालण्याचे तास

मच्छे गावच्या अंबुबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते १९१४ च्या जानेवारीत, आणि पहिल्याच भेटीत तिला सोमवारी यायला सांगितलं. तो दिवस गुरुवार होता. मी तेव्हा बेळगावात फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत कारकून होतो. वय तेवीस. लोकांना पुन्हा कधीतरी यायला सांगणं हा माझ्या कामाचा बराच मोठा भाग होता आणि तो मी चोख करत असे.

तिची हकीकत मला नीट माहीत आहे, कारण तिचा जबाब मीच लिहून घेतला. त्यात जे आलं नाही ते पुढच्या तीस-बत्तीस वर्षांत तिनं अधूनमधून सांगितलं.

अंबुबाईचं माहेर खानापूरकडचं. मच्छ्याच्या परसूला दिली होती. घरची थोडी भातजमीन होती, दोन बैल होते, एक गाडी होती. भाताची सुगी आटोपली की परसू गाडी भाड्यानं जोडायचा. अंबुबाई उंच, हाडापेरानं मजबूत, बोलणं कमी. एक सवय मात्र गावाला ठाऊक होती. तिनं एखादी गोष्ट विचारली आणि उत्तर मिळालं नाही, तर ती चिडत नसे, आवाज चढवत नसे. तीच गोष्ट पुन्हा विचारत असे.

त्या वर्षी परसू आणि गावचाच रवळू दोघं गाड्या घेऊन निपाणीला गेले. तिथल्या एका व्यापाऱ्याची तंबाखू बेळगावला पोचवायची होती. संकेश्वर ओलांडल्यावर एका नाक्यावर पोती मोजली, तर परसूच्या गाडीत एक पोतं कमी भरलं. परसू म्हणाला, "भरताना मी मोजली न्हाईत. तुमच्या मानसानं मोजली." व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, मी बरोबर मोजली. दोघांपैकी एक जण चुकत होता. त्यातला जो गाडीवान होता त्याला पोलिसांनी धरलं. त्या दिवशी मंगळवार होता.

रवळूनं दोन्ही गाड्यांतला माल बेळगावात उतरवला आणि परसूची बैलगाडी आपल्या गाडीमागं बांधून शुक्रवारी मच्छ्याला आणली.

"वैनी, परसूला न्हेलाय," तो म्हणाला.

"कुटं?"

"ठान्यात. उद्या साहेबापुढं हुबा करतील आन सोडतील, असं म्हनालेत."

"उद्या म्हंजे कंदी?"

रवळूनं हिशेब केला. "त्यो उद्या परवाच हून गेला की."

अंबुबाईनं दोन वर्षांच्या लेकीला जावेकडं ठेवलं, फडक्यात भाकऱ्या बांधल्या आणि शनिवारी पहाटे निघाली. पुण्याचा रस्ता धरून दोन दिवस चालली. ज्या ठाण्यात परसूला नेलं होतं तिथं पोचल्यावर तिला कळलं की तो इथं नाही, तपासासाठी पलीकडच्या चौकीवर नेला आहे. (ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. त्यात काम करणारी माणसं पुढं बदलली आणि इमारतही पडली.) चौकी पाच कोसांवर होती. ती तिथं गेली. तिथं सांगितलं, काल होता, आज दुसऱ्या चौकीवर गेला. ती दुसऱ्या चौकीवर गेली. तिथला शिपाई कानडी बोलणारा होता. तो म्हणाला, "इल्ली इल्ला." इथं नाही. अंबुबाईला तेवढं कानडी येत होतं. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं आणि हातानं ठाण्याची दिशा दाखवली.

ती परत ठाण्याच्या वाटेला लागली, आणि गुरुवारी सकाळी हत्तरगीच्या अलीकडं तिला नवरा समोरून येताना दिसला. कमरेला दोरी होती. दोरीचं टोक भरमू नावाच्या शिपायाच्या हातात होतं. भरमू पन्नाशीचा, पोट सुटलेला, चालून चालून वैतागलेला माणूस होता.

"शिपाईदादा," अंबुबाई म्हणाली, "ह्यांनला कुटं न्हेतासा?"

"चौकीला."

"काल कुटं हुतं?"

"ठान्यात."

"परवा?"

"चौकीला."

"हीच चौकी?"

"दुसरी," भरमू म्हणाला. "मदी मदी बदलतो."

मग तो रस्त्याच्या कडेला बसला आणि त्यानं तिला कायदा समजावून सांगितला. आपल्यावर राग धरू नये म्हणून सांगितला, असं तो मला नंतर म्हणाला. "चोवीस तासांच्या वर मानूस कोंडून ठेवायचा न्हाय, असा सरकारचा कायदा हाय बाई. तेवढ्यात साहेबापुढं न्यायचा. साहेब इचारनार, पुरावा काय हाय. पुरावा तर न्हाय. म्हनून चालवायचा. चालतोय त्यो काय कोंडलेला न्हवं. वाटेतला येळ मोजत न्हाईत."

अंबुबाईनं थोडा विचार केला. "कायद्यात चालवायचं लिवलंय?"

"मी वाचलेला न्हाय. फौजदारसाहेबांनी वाचलाय."

"मग असं किती दीस?"

"ह्यो कबूल हुईस्तवर."

परसू कमरेची दोरी सावरत उभा होता. तो म्हणाला, "तू घरला जा. तांबड्याच्या पायाला नाल मारायची हाय. रवळूला सांग."

ती घरी गेली नाही. त्यांच्याबरोबर चालू लागली. भरमूनं हरकत घेतली नाही, कारण भाकऱ्या तिच्याजवळ होत्या. चालताना तिच्या लक्षात आलं की नवरा टाचा टेकवत नाही. चौकीत पोचल्यावर रोज चौकशी होई, आणि चौकशी मुख्यतः त्याच्या तळपायांची होई. दुसऱ्या दिवशी त्याच पायांनी पाच कोस. तिनं लुगड्याचा काठ फाडून त्याचे पाय बांधले. ती बांधत असताना भरमू शेतातल्या पिकाकडं बघत राहिला. शेतात काही पीक नव्हतं.

अशी ती दोन दिवस चालली. दुसऱ्या संध्याकाळी फौजदारांनी तिला ठाण्याच्या दारात पाहिलं आणि बजावलं की पुन्हा दिसलीस तर तुलाही चालवीन.

"मी चालतेच हाय की साहेब," ती म्हणाली.

हे तिनं उद्धटपणानं म्हटलं नव्हतं. पण रस्त्यावर राहून काही होणार नाही हे तिला त्या वेळी उमगलं. शनिवारी ती बेळगावच्या वाटेला लागली. रविवारी कचेरी बंद होती. सोमवारी ती कचेरीसमोरच्या वडाखाली मारुतीरावांपुढं जाऊन बसली. मारुतीराव अर्ज लिहून देत. माझी त्यांची ओळख होती. त्यांचे बरेच अर्ज मी तपशील अपुरा म्हणून परत केले होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, दोन वेळा टाक खाली ठेवला, आणि शेवटी फक्त चार ओळींचा अर्ज लिहिला. साहेब दौऱ्यावर आहेत, काकतीच्या पुढं आमराईत तंबू पडणार आहेत, पण गुरुवारशिवाय तिथं पोचणार नाहीत, हेही त्यांनीच शोधून सांगितलं.

"आणि हे बघ बाई," ते म्हणाले, "हा कागद कारकुनाला देऊ नकोस. साहेबांच्याच हातात दे."

कारकून म्हणजे मी.

गुरुवारी सकाळी मी तंबूबाहेर टेबल मांडून बसलो होतो. ती समोर येऊन उभी राहिली. मी अर्ज मागितला. तिनं दिला नाही.

"साहेबास्नी द्यायचा हाय."

"साहेब कामात आहेत. अर्ज सोमवारी घेतात."

"सोमवारपत्तुर ते चालतच ऱ्हानार."

"कोण?"

"आमच्या घरातले."

"नाव काय त्यांचं?"

"अर्जात हाय की."

नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती आणि अर्ज देणार नव्हती. मी पुन्हा म्हणालो, सोमवारी ये. ती टेबलापासून चार पावलांवर जमिनीवर बसली.

"चालनाऱ्याचं तास मोजत न्हाईत म्हनं," ती म्हणाली. "बसनाऱ्याचं तरी मोजतासा का? मग मी बसते."

तंबूचा पडदा बाजूला झाला. आमचे साहेब धारवाडचे. दयाळू म्हणून त्यांचा लौकिक नव्हता. त्यांना अपचनाचा त्रास होता, आणि जेवणानंतर झोप येऊ नये म्हणून ते कायद्याचं पुस्तक वाचत. वाक्यं अर्धवट सांगणाऱ्या माणसांची त्यांना मनापासून चीड होती.

"चालणाऱ्याचे तास मोजत नाहीत असं कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं.

अंबुबाईनं उठून अर्ज त्यांच्या हातात दिला. साहेबांनी तो उभ्यानंच वाचला. मग मला म्हणाले, "जबाब लिहा. कागदाचे दोन भाग करा. एका बाजूला आरोपी थांबला ते तास, दुसऱ्या बाजूला चालला ते तास."

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रवळूनं जे सांगितलं, भरमूनं जे सांगितलं आणि तिनं स्वतः जे पाहिलं ते तिला दिवसवार पाठ होतं. कुठून निघाले, ऊन कुठं आल्यावर पोचले, कुठल्या चौकीत रात्र काढली. मी लिहीत गेलो. मधेच एकदा तिनं, त्या दिवशी पाय कसे होते, तेही सांगितलं. ते कुठल्या बाजूला लिहायचं हे मला कळेना, म्हणून मी साहेबांकडं पाहिलं. ते म्हणाले, "दोन्ही."

मंगळवारपासून मोजले तर तो सतरावा दिवस होता. मी सांगितलेला सोमवार एकविसावा आला असता. हे गणित मी त्या वेळी मनात केलं आणि मान वर केली नाही.

मग साहेबांनी फौजदारी कायद्याचं शंभरावं कलम काढलं. एखाद्याला बेकायदा डांबलं आहे असं वाटलं तर मॅजिस्ट्रेटनं झडतीचं वॉरंट काढावं, आणि ते वस्तूसाठी नव्हे, माणसासाठी, असं त्यात आहे. आमच्या कचेरीतून असलं वॉरंट निघालेलं मी पाहिलं नव्हतं; छापील नमुना शोधायलाच अर्धा तास गेला. तंबूवर पहाऱ्याला एकच पोलीस होता आणि तो त्याच ठाण्याचा होता. म्हणून साहेबांनी वॉरंटावर माझं नाव घातलं. झडतीची जागा या रकान्यात काय लिहायचं असं मी विचारलं. त्यांनी लिहायला सांगितलं: पुणे रस्ता, अंदाजे वीस मैल.

टांगा मिळाला. मी निघालो. आयुष्यात त्याआधी मी कोणालाही शोधून आणलं नव्हतं. चारेक कोसांवर एका चिंचेखाली दोन माणसं बसलेली दिसली. भरमू पायातला काटा काढत होता. त्याला दोन्ही हात लागत होते, म्हणून दोरीचं टोक त्यानं परसूजवळ धरायला दिलं होतं. परसूनं ते नीट धरलं होतं.

मी वॉरंट वाचून दाखवलं. भरमू उठून उभा राहिला.

"म्हंजे आता साहेबाकडंच जायाचं?"

"हो."

"सरळ?"

"सरळ."

"बरं झालं आलासा," तो म्हणाला आणि स्वतःच टांग्यात चढून बसला.

परसू चढेना. तो टांग्याच्या चाकाला धरून उभा होता. रंग राखेसारखा झाला होता. पायाला बांधलेला लुगड्याचा काठ मूळचा हिरवा असावा.

"भाऊसाब," तो म्हणाला, "गाडीतला येळ मोजत्यात का?"

"मोजतात," मी म्हणालो. मला खात्री नव्हती.

दिवेलागणीला आम्ही तंबूपाशी आलो. अंबुबाई मी सोडून गेलो होतो त्याच जागी बसली होती. परसू टांग्यातून उतरला. ती खाली वाकली, पट्ट्या सोडून तिनं तळपाय पाहिले, आणि मला म्हणाली, "ऊन पानी मिळंल का?" मी आचाऱ्याकडून गरम पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार डायरी घेऊन हजर झाले. गणवेश कडक इस्त्रीचा होता. त्यांनी सांगितलं की तपास चालू आहे आणि कायद्याचा कुठंही भंग झालेला नाही.

"हुजूर, कलम एकसष्टमध्ये प्रवासाचा वेळ वगळला आहे."

"कुठल्या प्रवासाचा?"

"प्रवासाचा, हुजूर."

"वाक्य पूर्ण वाचा."

फौजदारांनी पुस्तक हातात घेतलं आणि वाचलं. अटकेच्या जागेपासून मॅजिस्ट्रेटच्या कोर्टापर्यंतच्या प्रवासाला लागणारा वेळ.

"आरोपी माझ्या कोर्टाकडे येत होता?"

"दिशेनं, हुजूर."

"कुठल्या दिशेनं?"

फौजदारांनी पुस्तक मिटलं. "दोन्ही, हुजूर."

साहेबांनी डायरीतली अंतरं मला बेरीज करायला लावली. दीडशे मैलांच्या वर झाली. "एवढं चालून," साहेब म्हणाले, "आरोपी साताऱ्याला पोचला असता. माझं कोर्ट त्याला सापडलं नाही." मग त्यांनी विचारलं, पुरावा काय. फौजदारांनी सांगितलं की आरोपी कबूल होत नाही, हाच संशय बळकट करणारा मुद्दा आहे. साहेबांनी तेही लिहून घ्यायला लावलं, आणि त्याखाली हुकूम सांगितला. परसूला जातमुचलक्यावर सोडावं. पुढं पुरावा मिळाला तर रीतसर आणावं. चोवीस तासांत, कोर्टाच्या दिशेनं, आणि एकाच दिशेनं.

परसूला काही बोलायचं आहे का, असंही साहेबांनी विचारलं. परसू म्हणाला, "मला बसून बोलायला मिळंल का?" त्याला बसू दिलं. बसल्यावर तो म्हणाला की काही बोलायचं नाही.

खटला कधी झाला नाही. पोतं कुठं गेलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. भरमूला लेखी ताकीद मिळाली, की आरोपीच्या हाती दोरी देऊ नये. तळपायांच्या चौकशीची चौकशी वरच्या कचेरीकडं गेली आणि वर्षभरानं कागद परत आला. त्यावर 'पाहिलं' असं लिहिलेलं होतं. फौजदारांची बदली झाली. बढतीवर झाली.

परसूचे पाय पुढच्या भातलावणीपर्यंत बरे झाले. दुसरं जे काही झालं होतं ते झालंच. पाठीमागून कोणी चालत आलं की तो रस्त्याच्या कडेला उभा राही आणि त्या माणसाला पुढं जाऊ देई. मग तो पाव्हणा असो, पाटील असो, की घरची बायको. आमच्याकडं नवरा पुढं आणि बायको मागं चालते. मच्छ्यात मात्र अंबुबाई पुढं आणि परसू मागं असं बाजाराला जाताना दिसू लागलं. लोक वर्षभर हसले. मग हसायचे थांबले. असं का, ते कोणी विचारलं नाही आणि त्या दोघांनी सांगितलं नाही. मला तिनं सांगितलं, तेही दहा वर्षांनी.

अंबुबाईचं पुढचं आयुष्य शेतातच गेलं. आणखी दोन मुलं झाली, एक राहिलं. पण आसपासच्या गावांत कोणाला पोलिसांनी उचललं की घरची बाई पहिल्यांदा तिच्याकडं येऊ लागली. तिला कायदा येत नव्हता. तिला तीन प्रश्न येत होते. कधी धरलं? वेळ कुठं लिहिली? साहेबापुढं कधी नेणार? एवढे विचारायला ती त्या बाईबरोबर ठाण्यात जाई, आणि उत्तर मिळेपर्यंत ओट्यावर बसून राही. सुरुवातीला तिला हाकललं. एकदा दिवसभर कोंडून ठेवलं. सुटल्यावर तिनं तिथल्या तिथं तेच प्रश्न स्वतःबद्दल विचारले. नंतर पोलिसांना कळलं की तिला बसवून ठेवण्यापेक्षा उत्तर देणं सोपं आहे. उत्तर द्यायचं म्हणजे डायरीत आधी वेळ लिहायला हवी. म्हणून ते वेळ लिहू लागले.

उत्तर पटलं नाही तर ती माझ्याकडं येई. मी तिला सोमवारी ये असं पुन्हा कधी म्हणालो नाही. यात फार मोठेपणा नव्हता. ती बसली असती.

ज्यांच्यासाठी तिनं हेलपाटे घातले त्यांतले निम्मे तरी खरोखरच चोर असावेत. गुंडू म्हणून एक जण होता, त्यानं म्हैस चोरली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हैसही त्याच्याच गोठ्यात सापडली. त्याच्यासाठीही ती गेली तेव्हा म्हशीचा मालक तिच्या दारात येऊन भांडला.

"आक्का, चोराची बाजू घेतीस?"

"चोर हायच त्यो," अंबुबाई म्हणाली. "पन त्याला चोर म्हनायला साहेब हाय न्हवं? फौजदारानं कशापाय म्हनायचं?"

गुंडूला दुसऱ्या दिवशी साहेबापुढं उभं केलं आणि पुढं सहा महिन्यांची सजा झाली. अंबुबाईला त्याचं वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

बेचाळीस साली ऑगस्टात धरपकड सुरू झाली. शहापूरचा आण्णाप्पा म्हणून एक विणकर होता. चार लुगडी घेऊन तो खडेबाजारात आला होता. त्याच वेळी रस्त्यावरून मिरवणूक गेली, मागून पोलीस आले, आणि मिरवणूक पांगल्यावर जो उरला त्याला त्यांनी उचललं. आण्णाप्पा उरला होता, कारण तो लुगडी गोळा करत होता. त्याची बायको शालूबाई दोन गावं विचारत मच्छ्याला आली आणि अंबुबाईला घेऊन गेली.

या वेळचे फौजदार सभ्य होते. त्यांनी अंबुबाईला खुर्ची दिली. तिला ठाण्यात खुर्ची मिळण्याची ती पहिलीच वेळ, आणि तिथंच आपलं काहीतरी चुकत आहे असं तिला वाटलं.

"कंदी धरलं?" तिनं विचारलं.

"परवा."

"साहेबापुढं कंदी नेनार?"

"मावशी, ह्या कायद्यात साहेब नाही."

"सुटीवर हाय?"

"नाही. साहेबच नाही. लढाईचे नवे नियम आहेत. सरकारला वाटलं की धरायचं, आणि सरकारला वाटेल तोवर ठेवायचं. मॅजिस्ट्रेटला विचारायचं कारण नाही."

ती माझ्याकडं आली. मी तेव्हा शिरस्तेदार, म्हणजे कचेरीतला मुख्य कारकून, झालो होतो. मी नियमांचं पुस्तक काढलं, भारत संरक्षणाचे नियम, आणि ते वाचून तिला मराठीत सांगितलं. फौजदार खरं बोलत होता.

"वाक्य सगळं वाचलासा?" तिनं विचारलं.

"सगळं वाचलं."

"पुढं कायतरी असंल."

"पुढं काही नाही, अंबुबाई."

ती उघड्या पुस्तकाकडं बघत बसली. इतक्या वर्षांत तिला बसून काहीच न विचारताना मी पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "चालवत तरी हुते तवा. चालनारा मानूस रस्त्यावर दिसतोय तरी."

आण्णाप्पाला हिंडलग्याच्या जेलात ठेवलं होतं. दर मंगळवारी शालूबाई आणि अंबुबाई ठाण्यात जात, अंबुबाई तेच तीन प्रश्न विचारे, फौजदार खुर्ची देत आणि उत्तर नाही म्हणून सांगत. शालूबाईचा माग एरवी बंदच असे. दीर चालवी तेव्हा चाले. एकदा शालूबाई म्हणाली, आक्का, कशाला जायाचं आता, उत्तर ठावं हाय. अंबुबाई म्हणाली, उत्तर त्यांनला सांगाया लागतंय न्हवं, मग सांगू देत.

सात महिन्यांनी आण्णाप्पा सुटला. का धरलं होतं हे कोणी सांगितलं नाही, का सोडलं हेही नाही. शालूबाई अंबुबाईच्या पाया पडायला आली. तिनं पाय मागं घेतले. "माझं काय चाललं न्हाय तितं," ती म्हणाली. नम्रपणानं नव्हे, जे झालं ते नीट सांगितलं पाहिजे म्हणून.

१९४७ च्या फेब्रुवारीत अंबुबाई तापानं गेली. मी आदल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झालो होतो. तेराव्याला मच्छ्याला गेलो. परसू ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसला होता. शहापूरहून आण्णाप्पा आणि शालूबाई आले होते. साध्या कपड्यांत दोन पोलीसही आले होते. त्यांतल्या एकानं मला मुद्दाम सांगितलं की ते चौकशीसाठी आलेले नाहीत, जेवायला आले आहेत.

सकाळी पंगतीची तयारी चालू असताना देसूरची जयाबाई म्हणून एक बाई घाईघाईनं आली. तिच्या भावाला आदल्या दिवशी ठाण्यात नेलं होतं. अंबुबाई गेल्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. दारातली गर्दी पाहून ती थबकली, मग कळल्यावर तिथंच पायरीवर बसली. परसूनं माझ्याकडं पाहिलं.

मी तिच्याबरोबर गेलो. तांदळाची एक वखार फुटली होती, त्या संशयावरून भाऊ धरला होता. फौजदार तरुण होते, मला ओळखत नव्हते. तुम्ही वकील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही. नातेवाईक? नाही. मग कोण?

"कधी धरलं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, मग बाहेरच्या ओट्याकडं पाहिलं, आणि डायरी मागवली. काल दुपारी अडीच वाजता, असं तीत लिहिलेलं होतं. आत्ता अकरा वाजून गेले होते. त्यांनी शिपायाला हाक मारली आणि कागद तयार करायला सांगितलं.

एकच्या सुमारास जयाबाईच्या भावाला मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलं. मॅजिस्ट्रेटनं डायरी पाहिली, दोन प्रश्न विचारले, आणि सात दिवसांची कोठडी दिली. जयाबाई रडू लागली. मी तिला सांगितलं की पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा इथं आणतील, तेव्हा मीही येईन.